सहीआधीचे चार दिवस : पुण्यातील एका रुग्णालयाच्या क्लिनिकल ट्रायल विभागाचा अनुभव

माझे वडील, ज्यांना आम्ही घरी अण्णा म्हणतो, ६७ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले आणि आता साताऱ्यात राहतात. त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या तीन वर्षांत त्याचा परिणाम मूत्रपिंडावर दिसू लागल्यामुळे पुण्यातील एका खासगी रुग्णालयात त्यांची दर तीन महिन्यांनी तपासणी होते. अशाच एका तपासणीत तेथील मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी सांगितले की, मधुमेहामुळे मूत्रपिंडाची शक्ती कमी झालेल्या रुग्णांसाठी एका नव्या गोळीची चाचणी त्यांच्याकडे सुरू आहे, अण्णांचे रिपोर्ट तिच्या निकषांत बसतात आणि आम्ही विचार करून कळवावे. चाचणी १८ महिन्यांची होती आणि त्या काळात ११ वेळा पुण्याला यावे लागणार होते.

हे परीक्षण त्या गोळीचे नाही. ती उपयोगी आहे की नाही हे ठाऊक नसल्यामुळेच चाचणी होत असते. मी येथे लिहिते आहे ते त्या रुग्णालयाच्या क्लिनिकल ट्रायल विभागाच्या सेवेविषयी, म्हणजे त्यांनी माहिती कशी दिली, आमच्या प्रश्नांना उत्तरे कशी दिली आणि सही कशी घेतली याविषयी. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण असा विभाग पारखावा कसा हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी चार देईन. कमी झालेला एक गुण माहितीपत्रकाच्या मराठीचा आणि रात्रीच्या दूरध्वनीचा आहे.

पहिल्या दिवशी आम्हाला विभागाच्या समन्वयक ताईंकडे पाठवण्यात आले. खोली लहान होती, पण दार बंद करता येत होते आणि त्यांनी ते बंद केले, ही गोष्ट मला आवडली, कारण आजाराविषयीचे बोलणे बाकड्यावर बसलेल्या इतरांच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी बऱ्याच ठिकाणी घेतली जात नाही. त्यांनी अण्णांना 'काका' म्हणत सुमारे ५० मिनिटे चाचणीची माहिती दिली आणि शेवटी २२ पानांचे मराठी माहितीपत्रक व संमतीपत्र समोर ठेवून म्हटले, "काका उपाशीपोटी आलेच आहेत, तर आज सही झाली की रक्तही लगेच घेता येईल, पुन्हा एक फेरी वाचेल." बोलण्यात जबरदस्ती नव्हती आणि साताऱ्याहून ११० किलोमीटर येणाऱ्या माणसाची फेरी वाचवण्याचा हेतूही खरा असावा. तरीही २२ पाने वाचण्याआधी सहीचा विषय निघणे मला खटकले. मी कागद घरी नेऊ का असे विचारताच त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता प्रत दिली आणि चार दिवसांनंतरची वेळ लिहून दिली. कागद घरी नेऊ देत नाही अशा ठिकाणी सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांशी आणि नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला पुरेसा वेळ मिळणे हा सहभागी होणाऱ्या माणसाचा हक्क आहे.

त्या रात्री अण्णांनी माहितीपत्रक वाचायला घेतले आणि आठव्या पानाशी थांबले. जेवतानाही ते फारसे बोलले नाहीत. झोपण्यापूर्वी त्यांनी मला ते पान दाखवले. तेथे लिहिले होते, 'हा एक यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित अभ्यास आहे.' मधुमेहामुळे अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर लेझर उपचार झालेले आहेत आणि 'दुहेरी-अंध' हा शब्द वाचून या गोळीने दोन्ही डोळे जाण्याचा धोका आहे, असे त्यांना वाटले होते. मी त्यांना समजावले की, कोणाला खरी गोळी मिळते आणि कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरांनाही ठाऊक नसते, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेव्हा त्यांचा चेहरा निवळला. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाची ही स्थिती असेल, तर सातवीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याची काय होत असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. त्याच पत्रकात सहभागी व्यक्तीला तीन ठिकाणी 'विषय' म्हटले होते. 'विषयाने रक्ताचा नमुना द्यावा' हे वाक्य लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने ते एकदाही मोठ्याने वाचले नसावे. समन्वयक ताईंचे तोंडी समजावणे अतिशय सोपे होते, पण घरी परतल्यावर माणसाच्या हातात कागदच उरतो.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न लिहायला बसले आणि रात्रीपर्यंत ३१ प्रश्न झाले. ते घेऊन आम्ही साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. अण्णांना ते २० वर्षांहून अधिक काळ ओळखतात आणि या चाचणीशी त्यांचा काहीही संबंध नाही. अण्णांनी चाचणीत जावे की जाऊ नये यात ज्याचे काही गुंतलेले नाही, अशा डॉक्टरांशी आधी बोलणे मला आवश्यक वाटले, कारण उपचार करणारे तज्ज्ञच जेव्हा संशोधकही असतात तेव्हा त्यांना नाही म्हणणे रुग्णाला जड जाते. अण्णा तर म्हणालेच होते, "डॉक्टरांना वाईट वाटेल का गं?" मी आधी फोन करून या कामासाठी वेगळी वेळ मागितली होती. गर्दीच्या वेळी दारातून डोकावून विचारण्याचा हा विषय नव्हे.

डॉक्टरांनी २२ पाने चाळली, माझी यादी वाचली आणि निम्म्याहून अधिक प्रश्नांवर पेन्सिलने रेघ मारली. त्यांची उत्तरे पत्रकातच होती, फक्त मी घाईने वाचले होते. उरलेल्या ११ प्रश्नांपुढे त्यांनी कोणाला विचारायचे ते लिहिले. काही त्यांच्या स्वतःसाठी होते, बरेचसे संशोधक डॉक्टरांसाठी आणि एक विमा कंपनीसाठी. मग त्यांनी माझ्या यादीत नसलेला एक प्रश्न सर्वांत वर स्वतःच्या हाताने लिहिला : 'चाचणीत गेलो नाही, तर माझ्यावर कोणते उपचार होतील?' मी नव्या गोळीविषयी एवढे विचारत होते, पण जुन्या उपचारांनी अण्णांचे किती भागते आहे हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. त्यांनी तीन वर्षांचे रिपोर्ट ओळीने मांडून दाखवले. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा सावकाश उतरत ४८ वर आला होता आणि लघवीतून जाणारे प्रथिन गोळ्या नियमित घेऊनही पुरेसे कमी झाले नव्हते. म्हणजे चाचणीबाहेर राहिलो तरी तातडीचे संकट नव्हते, पण आहे त्यात समाधान मानावे अशीही परिस्थिती नव्हती. या एका उत्तरामुळे पुढचा सगळा विचार सोपा झाला. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती अण्णांच्या मनात शेवटपर्यंत राहिली. रोजचे उपचार रुग्णाच्या भल्यासाठी बेतलेले असतात, तर चाचणी उत्तर मिळवण्यासाठी बेतलेली असते, त्यामुळे आपल्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली तर १८ महिने जाणे-येणे करूनही आपला स्वतःचा लाभ शून्य असू शकतो, हे मान्य असेल तरच जावे.

नेहमीच्या डॉक्टरांचा खरा उपयोग झाला तो अण्णांच्या दिनक्रमामुळे. पत्रकात संभाव्य दुष्परिणामांत रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा उल्लेख होता. मोठ्या रुग्णालयात कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट आमच्या डॉक्टरांना ठाऊक होती, ती म्हणजे अण्णा रोज सकाळी फिरून येताना नारळपाणी पितात. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड कमकुवत असताना ते रक्तात साठून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. गुडघे दुखले की अण्णा दुकानातून आणून घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आधीच घातक असतात, शिवाय त्यांनीही पोटॅशियम वाढते. शेजारच्या काकांनी दिलेला काढाही निघाला. या तिन्ही गोष्टी चाचणीच्या फॉर्ममध्ये 'सध्या चालू असलेली औषधे' या रकान्यात आम्ही लिहिल्या नसत्या, कारण त्यांना आम्ही औषध मानतच नव्हतो.

आणखी एक प्रश्न अण्णांचा स्वतःचा होता. ते दरवर्षी आषाढीच्या वारीत लोणंदपासून पंढरपूरपर्यंत पायी जातात. चाचणीची एक भेट नेमकी त्या दिवसांत येत होती. "वारी चुकवून मला चाचणीत जायचे नाही," हे त्यांनी आधीच ठरवले होते आणि हा प्रश्न यादीत दुसरा असावा असा त्यांचा आग्रह होता.

संशोधकांना भेटण्यापूर्वी आम्ही एक काम केले, ते प्रत्येकाने करावे असे मला वाटते. भारतात होणाऱ्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, म्हणजे 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत २० जुलै २००७ पासून चालवली जाते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. औषधांच्या चाचण्यांची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते. पत्रकाच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक छापलेला होता, ही विभागाची जमेची बाजू. तो टाकल्यावर प्रायोजक कोण, भारतात कोणकोणत्या रुग्णालयांत चाचणी चालू आहे, किती रुग्ण घ्यायचे आहेत, कोणाला घेता येत नाही आणि प्रत्येक ठिकाणच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागी व्यक्तींचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मान्यता आली आहे की नाही, हे सगळे दिसले. नोंद इंग्रजीत असते, त्यामुळे घरातील कोणी तरी बसून ती वाचून दाखवावी लागते. आम्हाला त्यातून नवा प्रश्न मिळाला नाही, पण पत्रकातील माहिती आणि ही नोंद जुळली, याने मन निश्चिंत झाले.

चौथ्या दिवशी मुख्य संशोधक, म्हणजे अण्णांचे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, स्वतः भेटले. यादी पाहून ते त्रासिक होतील अशी मला धास्ती होती. त्यांनी यादी हातात घेतली, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक प्रश्न क्रमाने घेतला. नारळपाण्याविषयी त्यांनी पहिल्या तीन महिन्यांसाठी स्पष्ट नकार दिला, पोटॅशियमची तपासणी पहिल्या महिन्यात दोनदा होईल हे सांगितले आणि गुडघ्यासाठी कोणती गोळी चालेल ते लिहून दिले. वारीसाठी त्या भेटीची तारीख सात दिवस मागेपुढे करता येते, असे वेळापत्रक उघडून दाखवले. उन्हात चालताना अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून उलट्या किंवा जुलाब झाल्यास गोळी थांबवून लगेच फोन करावा, असेही बजावले. प्रत्येक सहभागी व्यक्तीला खिशात ठेवण्याचे एक कार्ड मिळते आणि आणीबाणी आली तर ते पाहून कोणत्याही रुग्णालयातील डॉक्टर संपर्क साधू शकतात, मग रुग्णाला खरी गोळी चालू होती की नाही हे तेवढ्यापुरते उघड करता येते, ही गोष्ट मला येथेच प्रथम समजली.

पैशांचे दोन प्रश्न विचारायला मला संकोच वाटत होता आणि ते विचारले याचे आज समाधान आहे. पहिला प्रश्न असा की, अण्णा सहभागी झाले तर डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला काही मिळते का. उत्तर सरळ मिळाले : प्रायोजक कंपनी प्रत्येक रुग्णामागे विभागाला ठरलेली रक्कम देते, तिचा करार झालेला असतो आणि तो सरकारच्या औषध नियंत्रकांनाही सादर होतो. हे ऐकून अण्णांचा डॉक्टरांवरचा विश्वास कमी झाला नाही, उलट वाढला.

दुसरा प्रश्न नुकसानभरपाईचा होता. १९ मार्च २०१९ रोजी लागू झालेल्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार चाचणीत सहभागी व्यक्तीला इजा झाली, तर ती चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत किंवा संशोधकांच्या मते गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, उपचार विनामूल्य द्यावे लागतात. गंभीर घटना घडली तर संशोधकाने ती २४ तासांच्या आत कळवायची असते. चाचणीमुळे मृत्यू झाल्याचे ठरले तर भरपाईचे सूत्रच नियमांत दिलेले आहे : मूळ रक्कम ८ लाख रुपये, तिला वयाचा गुणांक आणि आजाराच्या तीव्रतेचा गुणांक लावला जातो. वय ६५ च्या पुढे असेल तर वयाचा गुणांक सर्वांत कमी असतो, आणि मग ही रक्कम साधारणपणे ४ लाखांपासून ३२ लाखांपर्यंत, प्रकृती मुळात किती धोक्यात होती त्यानुसार ठरते. डॉक्टरांनी हे कागदावर मांडून दाखवले. अण्णांनी ते शांतपणे पाहिले. संमतीपत्रात वारसाचे नाव आणि नाते लिहिण्याची जागा असते, तेथे त्यांनी आईचे नाव वळणदार अक्षरांत लिहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. तो रकाना असणे योग्यच आहे, पण तो कशासाठी आहे हे सहीच्या क्षणी अचानक कळण्यापेक्षा आधी बोलून कळलेले बरे, आणि या विभागाने ते बोलणे टाळले नाही.

विमा कंपनीला विचारायचा प्रश्न आम्ही लेखी विचारला, कारण सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च आरोग्य विम्यात वगळलेला असतो आणि चाचणीतील इजेचा खर्च आपल्या पॉलिसीवर येईल असे गृहीत धरू नये.

आता उणीव. पत्रकावर २४ तासांचा आणीबाणी क्रमांक दिलेला होता. सही करण्याआधी, रविवारी रात्री साडेनऊला, मी तो लावून पाहिला. तीनदा घंटी वाजून बंद झाली. २० मिनिटांनी एका निवासी डॉक्टरांचा परत फोन आला, त्यांनी नीट विचारपूस केली, पण ही चाचणी कोणती हे त्यांना शोधावे लागले. पोटॅशियम वाढू शकणाऱ्या औषधाच्या चाचणीत हा विलंब मला मोठा वाटतो. मी तो संशोधकांना सांगितला आणि समन्वयक ताईंनी स्वतःचा मोबाइल क्रमांक कार्डावर लिहून दिला. हा उपाय आपुलकीचा आहे, पण ती व्यवस्था नव्हे, कारण ताई रजेवर गेल्या की प्रश्न तसाच राहतो. पत्रकावरील दुसरा क्रमांक एथिक्स कमिटीचा होता. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत निम्मे तरी संस्थेबाहेरचे असतात आणि एक कायदा जाणणारी व एक सर्वसामान्य व्यक्तीही असते. तेथे सोमवारी पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला आणि भाषांतराची तक्रार लेखी पाठवा असे सौजन्याने सांगण्यात आले.

अण्णांनी सही केली. संमतीपत्राची भरलेली प्रत मागावी लागली नाही, ती आपणहून दिली गेली. पुढे प्रवासखर्चाचे पैसे पहिल्या वेळी सहा आठवड्यांनी आले, नंतर वेळेवर येऊ लागले. ज्यांच्यासोबत कागद वाचायला कोणी नाही, त्यांना हा विभाग आज जसा आहे तसा पुरेसा पडणार नाही, असे मला वाटते. ज्यांना सोबत आहे आणि प्रश्न विचारण्याची तयारी आहे, त्यांना येथे मान राखून उत्तर मिळेल.

भाषांतराविषयी अण्णांनी २२ पानांवर लाल शाईने दुरुस्त्या करून ती प्रत समितीकडे पाठवली होती. माहितीपत्रकातील एक ओळही बदलायची असेल तर समितीची मान्यता लागते आणि नंतर चालू असलेल्या सहभागी व्यक्तींची नव्याने सही घ्यावी लागू शकते, त्यामुळे हे होईल अशी आम्हाला आशा नव्हती. पाचव्या महिन्यातील भेटीत समन्वयक ताईंनी नवे पत्रक पुढे ठेवले. 'विषय' जाऊन सगळीकडे 'सहभागी व्यक्ती' आले होते आणि आठव्या पानावर लिहिले होते, 'तुम्हाला कोणती गोळी मिळते आहे, हे तुम्हालाही ठाऊक नसेल आणि तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसेल.' अण्णांनी ते पान दोनदा वाचले, खिशातले पेन काढले आणि पुन्हा सही केली.